पदर शेवटी दाखवायचा

४ जानेवारी, शनिवार

म्हणे धाकट्या बहिणीला, सखूला वाचता येत नाही, म्हणून शाळेतून काढणार! दिवाळीपासून आबांचं हेच चाललंय. चौथीतली पोर आहे, शिकेल की! तर मलाच टोमणा— "तू सहावीत पळालास, तू नको सांगू." मीच फोन ठेवला.

५ जानेवारी

दुकानाच्या शेठनं इंदुताईंच्या साड्या द्यायला विद्यानगरला पाठवलं. ताई दर रविवारी इथल्या मराठी पोरांना घरीच लिहायला-वाचायला शिकवतात. त्यातली प्रणिता आपण लिहिलेली गोष्ट वाचत होती— जत्रेत गेले, हरवले, सापडले, आईस्क्रीम खाल्लं. एका दमात! माझ्या तोंडून निघून गेलं— "अगं, साडी उघडताच पदर दाखवलास, आता गिऱ्हाईक बसेल कशाला?" पोरं खिदळली. ताई नाही हसल्या. "संदेश, बस. नीट सांग त्यांना."

मी? शिकवायचं?

सांगितलं! दुकानात आधी काठ, मग अंगावरची बुट्टी, पदर सगळ्यांत शेवटी. प्रणिता म्हणाली, "हौ भैया, समझी!" पुन्हा लिहायला बसली. आता फुगेवाला आला, आईचा हात सुटला, सगळ्या बायकांच्या चपला बघत फिरली... छोटा प्रबुद्ध ओरडलाच— "अगं, आई मिळाली का नाय?" मीही पुढे सरकून बसलो!

१२ जानेवारी

परत गेलो. ताईंनी मलाही वाचायला लावलं. ओळीखाली पट्टी सरकवत, सावकाश. दोनदा अडखळलो. प्रबुद्ध म्हणतो, "डरो नक्को, मी पण अडकतो." पूर्ण पान वाचलं मी! येताना तारनाक्याच्या खोलीपर्यंत दिसेल ती हिंदी पाटी वाचत चाललो.

१३ जानेवारी

गावाकडं शेजारच्या उषावहिनींच्या मोबाइलवर सखूला धरलं. धडा वाच म्हटलं. भरभर वाचते की पोरगी! मग आबा असं का म्हणतात? विचारलं तर पुढचाच धडा वाचायला लागली. म्हटलं, बोलू नको, लिही. तुझ्या एका दिवसाची गोष्ट. पदर कधी दाखवायचा तेही सांगितलं. आबांपुढेच ठेवतो तिचं पान!

१५ जानेवारी

आलं नाही अजून. घड्या घालताना दहादा फोन पाहिला. शेठ म्हणे, "क्या मियाँ, शादी जमली?"

१६ जानेवारी

आलं. उषावहिनींनी फोटो पाठवला.

"सकाळी मी पाणी आणलं. भाकरी केल्या. दोन करपल्या. आबांनी करपलेल्याच खाल्ल्या. शाळेची घंटा ऐकू आली. मी धुणं धुतलं. मग आईला टेकवून बसवलं आणि चमच्यानं पेज पाजली. दिवाळीपासून आई अंथरुणावर आहे. दादाला सांगायचं नाही, असं तिनंच सांगितलंय."

शेठकडून उचल घेतली. आत्ताच पाठवतोय— बारा हजार, आईपाशी एखादी बाई ठेवायला.