गेर्लोफ पद्धत

सोमवार, २४ जानेवारी १९९४

सायकलवर सकाळभर तोंडावर पाऊस. ऑफिसात पोहोचलो तर माझ्या हुकावर आमच्या गटप्रमुखाचा, वाउटचा, ओला कोट. तो हूक माझा आहे हे आइंडहोवनमधल्या कबुतरांनासुद्धा माहीत आहे.

संकल्प: आजपासून रागवायचं नाही. मोठं काम हातात घेतलंय, डोकं थंड हवं.

काम काय, ते इतिहासाच्या सोयीसाठी लिहून ठेवतो. आमचा विभाग सर्किट बनवत नाही. बनवण्याआधी ते कसं वागेल, हे कॉम्प्युटरवर काढून देतो. सर्किटमध्ये हजारो जोड, प्रत्येक जोडावर व्होल्टेज किती ते शोधायचं, म्हणजे हजारो समीकरणं. मांडली की आकड्यांचं एक अवाढव्य कोष्टक होतं, आणि त्यात बहुतेक शून्यं. हे कोष्टक सोडवणारा प्रोग्रॅम वाउटचा. तो एकेक अज्ञात काढून टाकत जातो आणि प्रत्येक पायरीला थांबून बघतो, की ज्या आकड्याने भागायचं तो पुरेसा मोठा आहे ना. दर पायरीला! रिकामा रस्ता ओलांडताना दोन्हीकडे चारचारदा बघणारी म्हातारी.

माझी पद्धत मर्दाची. उत्तराचा अंदाज करायचा, किती चुकलं ते मोजायचं, अंदाज सुधारायचा, पुन्हा मोजायचं. भागाकाराची भीतीच नाही. वाउटपेक्षा दहापट वेगवान. नाव अजून ठरवलेलं नाही. तूर्त 'गेर्लोफ पद्धत'.

विभागप्रमुख रुलंड साहेब म्हणाले, ठीक आहे, १८ मार्चला सगळ्यांसमोर करून दाखव. वाउटने मान हलवली. कोणत्या अर्थाने, ते कळलं नाही. संतापलो. संकल्प उद्यापासून.

गुरुवार, २७ जानेवारी

पद्धत चालली! साध्या रेझिस्टरच्या जाळीवर चुटकीसरशी उत्तर. वाउटला दाखवलं. तो सँडविच खाताखाता म्हणाला, अरे वा, आता एखादं खरं सर्किट घे. चीज चावत बोलला. 'खरं' म्हणजे? रेझिस्टर खोटे असतात?

रागावलो नाही. फक्त दार आपटलं, आणि ते वाऱ्याने आपटलं असतं तरी तेवढाच आवाज झाला असता.

बुधवार, २ फेब्रुवारी

खरं सर्किट घेतलं. फ्रान्काचं. फ्रान्का वरच्या मजल्यावर असते, श्रवणयंत्रातला अ‍ॅम्प्लिफायर बनवते. महिन्यादोन महिन्यांत तिचा नकाशा सिलिकॉनच्या चिपवर कोरायला जाणार. एकदा गेला की दुरुस्ती नाही.

पहिला अंदाज: तीन व्होल्ट. दुसरा: चाळीस. तिसरा: एवढ्या व्होल्टेजवर अख्खं बेल्जियम उजळेल. मग कॉम्प्युटर बंद पडला.

दोष सर्किटचा. फ्रान्काला सरळ सांगितलं, तुझं सर्किट उद्धट आहे. ती म्हणाली, गेर्लोफ, सर्किट माझ्यावर गेलंय, तू त्याच्याशी नीट वाग. आणि हसली. बायकांना गणितात गांभीर्य नाही. (हे माझ्या बायकोला, हिल्डेला, दाखवायचं नाही. ती शाळेत गणित शिकवते.)

मंगळवार, ८ फेब्रुवारी

वाउट माझ्या टेबलाशी आला. न बोलावता. म्हणाला, तुझा अंदाज जवळ यायच्या ऐवजी लांब पळतोय, कारण या कोष्टकातले मुख्य आकडे कमजोर आहेत. मी ते कोष्टक आधी थोडं आवरून देतो, मग तुझी पद्धत त्यावर चालव, मस्त धावेल.

म्हणजे माझ्या घराला याची झाडलोट! म्हटलं, वाउट, तुझा केरसुणीचा धंदा तू तुझ्याकडेच ठेव. त्यावर तो म्हणाला, बरं. नुसतं 'बरं'. भांडतसुद्धा नाही. अशा माणसाबरोबर काम करणं म्हणजे उशीवर गुद्दे मारणं.

सोमवार, १४ फेब्रुवारी

कार्निव्हल. इथला अख्खा ब्रबांट प्रांत दारू पिऊन रस्त्यावर नाचतोय. आम्ही उत्तरेकडचे, फ्रीसलंडचे लोक असले चाळे करत नाही. शांततेत काम करायला ऑफिसला गेलो. बंद होतं. बाहेर निळा शेतकरी सदरा घालून, नाकाला लाल रंग फासून कोण तुतारी फुंकत होता? रुलंड साहेब! माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, हस की रे गेर्लोफ, वर्षातून एकदा. हसलो. गालाला वांब आला.

बुधवार, २३ फेब्रुवारी

यश!! फ्रान्काच्या सर्किटचं उत्तर आलं.

दोन किरकोळ सुधारणा केल्या. एक, प्रत्येक सुधारणेचा दहावा हिस्साच घ्यायचा, म्हणजे अंदाज उधळत नाही. दोन, चूक हजारांश व्हायची वाट न बघता दशांशावरच थांबायचं. काही शुद्धतावादी नाकं मुरडतील. पण जेवताना आपण वाटाण्याच्या सूपमधले वाटाणे मोजतो का?

निकाल: अ‍ॅम्प्लिफायर उत्तम. शांत. गुणी बाळ.

गुरुवार, ३ मार्च

फ्रान्का खाली आली. म्हणाली, वाउटचा प्रोग्रॅम सांगतोय की माझा अ‍ॅम्प्लिफायर आपोआप शिट्टी वाजवेल. तुझा सांगतोय की नाही वाजवणार. कोणाचं खरं धरू? म्हाताऱ्या माणसाच्या कानात दिवसभर शिट्टी वाजली, तर तो यंत्र काढून कालव्यात फेकेल, आणि मागोमाग मला.

म्हटलं, वाउटचं वय झालंय. त्याचा हात थरथरतो, त्याचे आकडेही थरथरतात. तीच तुझी शिट्टी.

ती म्हणाली, तू चूक पुरती मिटेपर्यंत थांबतोस ना रे? म्हटलं, पुरेसा थांबतो. तिने विचारलं, म्हणजे किती? म्हटलं, मला मीटिंग आहे.

मीटिंग नव्हती. पण असा प्रश्न विचारलाच का? संताप, संताप.

बुधवार, ९ मार्च

हिल्डेने जेवताना विचारलं, तुझं उत्तर वाउटच्या उत्तराशी जुळतं का? म्हटलं, जुळायचं असतं तर नवी पद्धत कशाला काढली असती? ती म्हणाली, माझ्या वर्गातला एक मुलगा हेच म्हणतो, त्याला नापास केलं. लाल कोबी तसाच ठेवून उठलो. नंतर भूक लागली. रागावण्यात हाच एक तोटा.

शुक्रवार, १८ मार्च, सकाळी ७

आज. टाय लावला. वाउटचा प्रोग्रॅम आधी चालवणार, मग माझा. फरक बघून लोक थक्क होतील. शेवटी वाउटचं दोन शब्दांत कौतुक करीन. मोठ्या मनाने.

तोच दिवस, दुपारी ४

लिहितो. हात थरथरतोय. वयाने नाही.

सगळा विभाग हजर. वाउटचा प्रोग्रॅम रटाळपणे चालत राहिला. मग माझा. कॉफीचा घोट घेईपर्यंत उत्तर! पडद्यावर सरळ, शांत रेघ. टाळ्या पडल्या. मी म्हणालो, मंडळी, हा अ‍ॅम्प्लिफायर शिट्टी वाजवत नाही.

तेव्हा फ्रान्का उठली. तिच्याकडे एक पाटी होती. त्यावर तिने तेच सर्किट सुट्या भागांनी जोडलेलं. म्हणाली, याच्याशीही बोलून बघू या. बॅटरी लावली.

कुत्री भुंकतील अशी शिट्टी.

कोणी हसलं असतं तर परवडलं असतं. कोणीच हसलं नाही. रुलंड साहेब कानावर हात ठेवून म्हणाले, फ्रान्का, बंद कर. मी म्हणालो, जोडणी सैल असेल. फ्रान्का हळू आवाजात म्हणाली, गेर्लोफ, तुझ्यावर विसंबून मी हे कोरायला पाठवणार होते. मी ओरडलो, मग पाठवायचं होतंस! हे का ओरडलो, ते मला अजून कळलेलं नाही.

वाउट उठून म्हणाला, पद्धत चांगली आहे, तिला थोडी तयारी लागेल, एवढंच. त्याचा सर्वांत जास्त राग आला.

सोमवार, २१ मार्च

रुलंड साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाले, वाउट एप्रिलअखेर निवृत्त होतोय. त्याच्या जागी गटप्रमुख म्हणून तुझं नाव त्यानेच सुचवलं होतं. मी तयार नव्हतो. म्हणून १८ तारीख ठेवून घेतली त्याने, लोकांना तुझं काम दिसावं म्हणून. आता डेल्फ्टहून माणूस येतोय.

विचारलं, मला आधी का नाही सांगितलं? म्हणाले, वाउटच म्हणाला, नको, तो रागावेल.

मी अजिबात रागावलो नसतो, असं ओरडून सांगितलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं.

शुक्रवार, २९ एप्रिल

वाउटचा निरोप. गोल मांडलेल्या खुर्च्या, जर्दाळूचा केक. माझ्यावर भाषणाची वेळ आली. रागाने भरलेलं एक तयार करून नेलं होतं. उभा राहिलो आणि म्हणालो, वाउट दर पायरीला थांबून बघतो. पुढचं आठवेना. बसलो. लोकांना वाटलं तेवढंच भाषण. टाळ्या वाजवल्या. फ्रान्काने डोळे पुसले. वाउटने माझा हात दाबला आणि म्हणाला, बरं.

सोमवार, २ मे

फ्रान्काने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करून आणला. वाउटच्या प्रोग्रॅमला दिला. रटाळ चालला. उत्तर आलं: शिट्टी नाही. तिच्या पाटीवरही नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत प्रोग्रॅममध्ये चूक शोधली. सापडली नाही.

लवकर घरी आलो. हिल्डे वह्या तपासत होती. घड्याळाकडे बघून तिने विचारलं, आज कोणाशी भांडलास?

म्हटलं, कोणी नव्हतंच.