परसातल्या वालाची निरवानिरव

मी, ताईबाई प्रेमराज महाजन, वय एकाहत्तर, राहणार धरणगाव, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. भावकीत कोणाला शंका असेल तर त्याने मी जिवंत असेतो माझ्याशी भांडावं, मागाहून सुनेशी नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. वैताग आहे, पण तो कायद्याच्या आड येत नाही असं वकील म्हणाले.

१. बँकेतली ठेव आणि माझी सोन्याची पोत मुलगी दिपमाला हिला, राहणार धुळे. तिने कधी काही मागितलं नाही, म्हणून तिचं आधी लिहिलं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. माझे पती कै. प्रेमराज भुसावळला रेल्वेत फिटर होते. त्यांची पाने-पकडीची पेटी मुलगा स्वप्नील याला. त्याने ती उघडावी. नळ गळाला की फोन करून माणूस बोलावतो, बापाचं नाव काढलं.

३. आता वाल. वकील म्हणाले, "मावशी, शेंगांचं कलम कोणी घालत नाही." म्हटलं, तुम्ही फक्त लिहा.

माझ्या माहेरचा, असोद्याचा वाल गोड, पण उशिरा येणारा आणि शीर अशी की दातात अडकून बसेल. सासूबाईंचा वाल लवकर येणारा, कोवळा, पण कडवट. सासूबाईंनी दोन्ही एकाच मांडवावर चढवले आणि भुंग्यांनी परस्पर सोयरीक जमवली. त्यातून मला एकच वाण हवा होता: गोड, बिनशिरेचा, दिवाळीला ताटात येईल असा. राज्य मागितलं नव्हतं.

त्या मिसळलेल्या बियांचे वेल पहिल्या वर्षी सगळे एकसारखे आले. मी हुरळून गल्लीभर शेंगा वाटल्या. पुढच्या वर्षी त्यांच्याच बियांतून एक जांभळा, एक पांढरा, एक नुसता पानांचा, एक शेंगच धरेना. खाण तशी माती म्हणतात, पण या वालाला ते कोणी सांगितलेलं दिसत नाही. तेव्हापासून तेच चाललंय. चांगला वेल हेरायचा, त्याच्या शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या, वाईट वेल उपटायचे, चांगल्याचं बी पुढे पेरायचं. आणि पावसाळा आला की येरे माझ्या मागल्या.

४. शेजारी झुलाल याला माझ्याकडून काही नाही. त्याचा वाल माझ्या कुंपणावर चढतो, तिथले भुंगे माझ्या फुलांवर येतात. बोलायला गेले तर म्हणतो, "अक्का, भुंगासले मी काय दावं लावू?" कुंपणाची तार माझी आहे, तेवढी त्याने ताणून घ्यावी.

५. चांगला वेल ओळखू यावा म्हणून मी अय्युब टेलरच्या दुकानातून लाल चिंध्या आणून बांधायची. एका वर्षी गल्लीतल्या लताबाईंच्या मुलीचं लग्न जमलं आणि कोणीतरी उठवलं की अक्काच्या परसातला वेल नवसाला पावतो. लताबाईंनी मला न विचारता चिंधी बांधली होती म्हणे. मग काय, गल्लीतल्या बाया रांगेने. मी कानीकपाळी ओरडले की हा नवस नाही, बियाणं आहे. तर लताबाई इतरांना सांगतात, "नवस बोलून दाखवू नये, म्हणून अक्का लपवतात." महिन्याभरात सगळा मांडव लाल. माझी चिंधी कुठली आणि गल्लीची कुठली, काही कळेना. एकेका वेलाची शेंग चावून बघत बसले. तोंड कडू झालं, वर्ष वाया गेलं.

एक चिंधी मात्र मी ओळखली. ती किरणच्या लग्नातल्या साडीचा काठ होती. किरण माझी सून. तिने काय मागितलं असेल ते मला विचारायची गरज नव्हती.

नेमका तो वेल मांडवातला सगळ्यात वाईट. कडू, शिरेचा, उशिराचा. दोनदा विळा घेऊन गेले आणि दोनदा तशीच परत आले. त्याचं बी मी दर पावसाळ्यात पुन्हा लावते, वेल वर आला की तो काठ त्याला बांधते. किरण विचारत नाही, मी सांगत नाही. भुंगे त्याच्यावरूनही येतात, तेव्हा माझा वाण ठरत नाही तो काही एकट्या झुलालमुळे नाही. हे वाचून झुलालने हसू नये.

६. माझी नणंद बेबाबाई आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येते आणि झोक्यावर बसल्या बसल्या म्हणते, "स्वप्नीलचं दुसरं बघा." स्वप्नील ताटात बघत जेवतो. त्याच्या त्या गप्प बसण्याचा मला बेबाबाईच्या बोलण्यापेक्षा जास्त संताप येतो. एका शेंगेपायी मी म्हातारी झाले, तरी मला कोणी थांब म्हटलं नाही. या पोरीचा पाळणा हलेपर्यंत यांना चार वर्षं धीर धरवत नाही.

म्हणून हे राहतं घर आणि मागचा परस, जे माझ्या एकटीच्या नावावर आहे, ते मी सून किरण हिला देते. एकटीला. स्वप्नील तिचा नवरा आहे तोवर ते त्याचंही घर आहे. परसात गाडीसाठी फरशी घालायची झाल्यास त्याने तिला विचारावं.

७. बियाणं किरणला. चांगल्या वेलांचं बी स्टीलच्या डब्यात आहे. कडू वेलाचं बी वेगळं, मडक्यात राख घालून ठेवलं आहे. ते पेरत राहिलं तर वाण कधीच ठरणार नाही. नाही पेरलं तर ठरेल, असा माझा अंदाज आहे. साडीचा काठ त्याच मडक्यात आहे.

मला ते फेकवलं नाही. काय करायचं ते किरणने ठरवावं, आणि काय ठरवलंस म्हणून तिला कोणी विचारू नये.

हे मी वाचून घेतलं, माझ्या मनासारखं आहे, आणि खालील दोघांसमोर सही केली. किरणला यातलं काही माहीत नाही. ती आत्ता परसात शेंगा तोडते आहे.

सही: ताईबाई प्रेमराज महाजन

साक्षीदार:
१) अय्युब शेख रशीद, टेलर, धरणगाव
२) लताबाई वना माळी, धरणगाव (कलम पाच वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, लग्न जमलं हे तर खरं ना. तरीही सही केली.)

स्थळ: धरणगाव
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५