सानिका आऊट

रविवार, संध्याकाळ. कंग्राळी.

हात दोनदा धुतले तरी मैदानाची लाल माती नखांत आहेच.

सानिकाच्या उपचाराला पैसे जमवायला गावानं आज मुलांचा बेसबॉलचा सामना ठेवला होता. दहा वर्षांची पोर, स्नायू दिवसेंदिवस दुबळे होत चाललेत. आजाराचं नाव कुणाला धड घेता येत नाही, पण मैदान भरलं होतं. पंच मी. आऊट झालेली पोरं जाता जाता माझ्या नावानं बडबडतात, त्याची सवय झालीय.

शेवटी सानिकाला चाकाच्या खुर्चीतूनच बॅटिंग दिली. बॅट उचलेपर्यंत चेंडू निघून गेला. असं तीनदा. नियमानं आऊट, पण आऊटची मूठ मी वर केली नाही. सगळे ओरडले, "कच्चं लिंबू हाय, खेळू द्या!" लहानपणी आम्हीही धाकट्यांना असंच खेळवायचो. कच्चं लिंबू कधी आऊट होत नाही. चौथा चेंडू, पाचवा. दर वेळी टाळ्या.

सानिकानं माझ्याकडं मान वळवली. "आक्का, मी लिंबू न्हाय. बाकीच्यांस्नी किती चेंडू देतासा?"

मी मूठ वर केली. "आऊट!"

टाळ्या थांबल्या. तिची आई माझ्याकडं बघतच राहिली. चुकलं का माझं? कोण जाणे.

सानिकानं बॅट लाल मातीत आपटली. भाऊ खुर्ची ढकलत नेताना, मला ऐकू येईल अशा बेतानं त्याला म्हणाली, "तिसरा चेंडू लई लांबनं गेलता. आक्कास्नी दिसतंच न्हाय."