शिवकांताची पैज

लातूर,
दि. ३१ मार्च २०२५

प्रिय बसवंतराव,

शरणार्थ. मुखेडला सर्वजण कुशल असतील, अशी आशा आहे. चि. ऋतुजाची बारावीची परीक्षा निर्विघ्न पार पडल्याचे कळले. माझी प्रकृती ठीक आहे.

काल पाडव्याला आपल्या पैजेस दहा वर्षे पूर्ण झाली, हे कळवण्यासाठी लिहीत आहे. तुमच्याच ओसरीवर ती लागली होती. तुमच्या बहिणीने, शिवकांताने, स्वतः निवडून शेअर घ्यायचे, मी तेवढीच रक्कम साऱ्या बाजाराच्या सरासरीवर चालणाऱ्या फंडात ठेवायची. तुम्ही हसला होता. "आक्का, मोंढ्यात ज्वारी घ्यायलीस का? लई शिकलेल्यांचं काम हाय ते! तू जिंकलीस तर ह्या ऋतुजाला लातूरला शिकायला धाडतो, जा!" मीही हसलो होतो. सांख्यिकीचा प्राध्यापक होतो ना.

ती मात्र खरोखरच ज्वारी घेतल्यासारखे शेअर घेत असे. वर्षाचे धान्य भरताना ती आधी दाणा चावून पाही, मग भाव विचारी. कर्ज नसलेली, दरवर्षी नफा मिळवणारी, तरीही कोणी विचारत नाही अशी कंपनी ती शोधत असे. टाळेबंदीत बाजार कोसळला तेव्हा मी म्हणालो, "विकून टाक." त्यावर उत्तर आले, "भाव पडलाय, दाणा तसाच हाय. आता तर भरायचं." आणि लाभांशाचे साचलेले सगळे पैसे तिने त्यातच घातले.

ती गेल्यावर, शेवटचे दोन पाडवे, हे शेअर घेण्या-विकण्याचे काम मी केले. तिच्याच नियमाने. तिचा सर्वांत लाडका शेअर फार महाग झाला, तेव्हा तो विकण्यास हात धजेना. परंतु भाव दाण्याच्या फार पुढे गेला की विकायचे, हा नियम तिचा होता. विकला.

निकाल असा: माझे एक लाख तीन लाखांच्या किंचित पुढे गेले. तिचे चार लाखांना टेकले. लाभांश दोन्हीकडे धरला, दलाली वजा केली, तीनदा पडताळले. एका उदाहरणाने सिद्धांत सिद्ध होत नाही, असे मी आयुष्यभर वर्गात सांगितले. आज तो मुद्दा मी आनंदाने बाजूला ठेवतो. बसवंतराव, तुमची आक्का जिंकली.

आता तुमचा शब्द. घरात बाईमाणूस नाही, मुलीला कसे धाडावे, असे तुम्ही दिवाळीत म्हणालात. ते रास्त आहे. तिने वसतिगृहात राहावे. शब्द शिक्षणाचा होता, माझ्या घराचा नव्हे. खर्च तिच्या आत्याच्या शेअरांतून होईल.

रविवारी तेवढे जेवायला पाठवा. स्वयंपाक मला बऱ्यापैकी येऊ लागला आहे. यंदाही ज्वारी मी पूर्वीच्याच मापाने भरली; गतवर्षीची अद्याप संपलेली नाही.

आपला,
हरल्याचा अभिमान वाटणारा दाजी,
सिद्धराम