हे कोणी बसवलंय?

२ सप्टेंबर
आज स्तेवामिस्त्रीची नोकरी सोडली. नऊ वर्षं त्याचा उजवा हात होतो. काल एका गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात, भरल्या घरात तो म्हणाला, आमचा मिलेंको बॅटरी फार छान धरतो. बॅटरी! अपमानाला काही मर्यादा असते.
उद्यापासून स्वतःची कंपनी. टेर्मो-मिलेंको. घर तापवणाऱ्या गॅस बॉयलरचं सर्व्हिसिंग, रिपेअर, सल्ला.
बायकोने, दुशांकाने, शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, ठीक आहे, संत निकोलापर्यंत वेळ देते. १९ डिसेंबरला आपल्या घरचा सण, तेव्हा तुझा धंदाही चालू हवा आणि घरही तुझ्या हातच्या बॉयलरने ऊबदार हवं. नाहीतर टोपी हातात घेऊन स्तेवाकडे परत. मी हसलो. हातावर हात मारला. डिसेंबरपर्यंत बहुतेक दोन माणसं नोकरीला ठेवावी लागतील.

३ सप्टेंबर, सकाळी साडेनऊ
संकल्प. एक, रोज सहाला उठणे (उद्यापासून). दोन, गिऱ्हाइकाकडे घरची राकिया दारू न घेणे. फारच आग्रह झाला तर एक. तीन, कामाला हात लावण्याआधी बॉयलरपासून दोन पावलं मागे सरून सुस्कारा सोडणे आणि विचारणे, हे कोणी बसवलंय? धंद्यातला हा मुख्य मंत्र. प्रत्येक मिस्त्री विचारतो. आधीचा माणूस कोणी का असेना, तो गाढव ठरला की गिऱ्हाईक अर्धं आपलं. सुस्कारा जमतो. सकाळपासून आरशापुढे करतोय.

१२ सप्टेंबर
अजून फोन नाही. आमचं अख्खं व्रशात्स गाव बाहेर बसून कलिंगड खातंय. लोकांना दूरदृष्टी नाही. वेळ सत्कारणी लावायचा म्हणून स्वतःच्याच घरात नवा बॉयलर बसवायचं ठरवलं. शोरूमसारखा. जुनी लाकडाची शेगडी गव्राला देऊन टाकली. गव्रा म्हणजे शेजारचा, रेल्वेतून रिटायर झालेला.
पर्सिदाबाई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, जावईबापू, नवीन पेटेपर्यंत जुनी राहू द्या की. त्यांना तंत्रज्ञानाची भीती वाटते.

१७ सप्टेंबर
बसला! एकट्याने बसवला. मागच्या भिंतीतून दोन नळ्या बाहेर काढल्या. एकीतून धूर जातो, दुसरी नकाशात होती म्हणून. पाच मिनिटं पेटवून दाखवला. बाहेर इतकं ऊन की पर्सिदाबाई म्हणाल्या, बंद करा, मेले मी. माझ्या कामाला मिळालेली ही पहिली दाद.

६ ऑक्टोबर
कोशावा सुरू झाला. हा वारा एकदा लागला की आठवडाभर हटत नाही. सकाळी कॉफी पिताना मानेवर गार झोत. खिडक्या बंद, दार बंद, तरी झोत! शोधून काढला. दुसऱ्या नळीतून येत होता. झोत म्हणजे चेष्टा नव्हे. माझे काका झोतानेच गेले, डॉक्टरने हार्ट लिहिलं ती गोष्ट वेगळी. घरात म्हातारं माणूस आहे, काही झालं तर जबाबदार कोण? मागच्या अंगणात स्टुलावर चढलो, दोरीवरचा हाताला लागला तो लोकरी मोजा नळीत गच्च कोंबला. झोत बंद. दोन मिनिटांचं काम. ही बुद्धी पुस्तकातून येत नाही.

८ ऑक्टोबर
पर्सिदाबाईंचा एक मोजा हरवलाय. लाल, वर पांढरी नक्षी, स्वतः विणलेला. घर डोक्यावर घेतलंय. मी म्हटलं, कुत्र्याने नेला असेल. बायका क्षुल्लक गोष्टींत किती वेळ घालवतात.

१५ ऑक्टोबर
पहिलं गिऱ्हाईक! गव्रा. त्याच्या घरी बॉयलर आहेच, माझी शेगडी त्याने नुसती कोपऱ्यात ठेवलीय. दोन पावलं मागे सरलो, सुस्कारा सोडला, विचारलं, हे कोणी बसवलंय? गव्रा म्हणाला, तूच की रे! तू आणि स्तेवा. तो आत डोकं घालून होता, तू बॅटरी धरून म्हणत होतास, वा, काय काम आहे.
मी म्हटलं, बॅटरीच्या अंतरावरून तसं दिसलं होतं.
गव्राने आग्रह केला. एक घेतली. मग आमच्या मैत्रीसाठी एक. मग त्याच्या मुलाच्या नावाने एक. त्यानंतर झाकण उघडणं सुरक्षिततेच्या नियमांत बसत नव्हतं. बाहेरून तपासलं. तब्येत उत्तम.

३ नोव्हेंबर
थंडी पडली. घरचा बॉयलर सुरू केला. फॅन घुरघुरला, ठिणगी पडली, खटकन बंद. लाल दिवा. पुन्हा केलं, पुन्हा लाल दिवा. आपल्या गल्लीतला करंटच खराब. स्टॅबिलायझर आणला.

५ नोव्हेंबर
करंट नव्हे. गॅसचं प्रेशर. ऑफिसात फोन केला. बाई म्हणाल्या, प्रेशर व्यवस्थित आहे. त्यांना दुसरं काय सांगता येणार.

१६ नोव्हेंबर
दोष कंपनीचाच. आज सगळा उघडला, सगळा जोडला. दोन स्क्रू उरले. म्हणजे मुळातच जास्त घातले होते. लाल दिवा पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसतो.
पर्सिदाबाई घरात कोट घालतात. कोटावर कोट. म्हणाल्या, जावईबापू, तुमच्या शोरूममध्ये मटण टांगून ठेवलं तर ईस्टरपर्यंत टिकेल.

२८ नोव्हेंबर
गव्राचा बॉयलर बंद पडला. त्याने कोणाला बोलावलं? स्तेवाला. वर मला भिंतीपलीकडून ओरडून सांगतो, पाच मिनिटांत चालू केला रे! दुपारी पर्सिदाबाई विणकाम घेऊन त्याच्याकडे बसायला गेल्या. उबेला. फितुरी घरातूनच सुरू होते.

११ डिसेंबर
दोन इलेक्ट्रिक हीटर लावले, फ्यूज उडाला. दुशांका हल्ली काही बोलत नाही. तिचं बोलणं परवडलं. आज फक्त एवढंच म्हणाली, सणाला कोणाला बोलवायचं नसतं, ज्याला आठवेल तो येतो, आणि आलेल्याला दारातून परत पाठवता येत नाही. विसरू नकोस. मी म्हटलं, हे मला काय सांगतेस?

१८ डिसेंबर
मासे साफ झाले. सणाचा गोल ब्रेड भाजला. दुशांकाने मेणबत्ती पुसून ठेवली, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी शांत आहे. विचार केला तर माणूस म्हणजेच एक छोटा हीटर. वीस-पंचवीस पाहुणे दाटीवाटीने बसले की प्रश्न मिटला. उद्या सहाला उठून शेवटचा प्रयत्न.

१९ डिसेंबर, संध्याकाळ
नऊला उठलो. पाद्रीबाबा येऊन उभे होते.
त्यांनी प्रार्थना म्हटली तेव्हा त्यांच्या तोंडची वाफ आणि धुपाचा धूर वेगळा ओळखू येईना. पाहुणे आले, कोणीही कोट काढला नाही. नाताळाआधीचा उपास, मटण चालत नाही म्हणून मासेच, ते टेबलावर येईपर्यंत गार. माझा छोट्या हीटरांचा हिशेब चुकला, कारण प्रत्येक जण आपली ऊब कोटात दाबून बसला होता. यजमानाने सणाला बसायचं नसतं. मी राकियाची बाटली घेऊन फिरत होतो. चालल्याने जरा बरं वाटत होतं.
बारा वाजता दारात स्तेवा. सुटाबुटात, हातात वाइनची बाटली. सण लाभो, यजमान, म्हणाला. नऊ वर्षं येतोय, यंदा विसरला असेल असं धरून चाललो होतो. दुशांकाने त्याची खुर्ची आधीच ओढून ठेवली होती.
त्याने मासा खाल्ला. हातावर फुंकर मारली. उठला आणि स्वयंपाकघरात गेला. मागोमाग सगळे. बॉयलरसमोर उभा राहिला. दोन पावलं मागे सरला. सुस्कारा सोडला. आणि विचारलं, हे कोणी बसवलंय?
गव्रा छताकडे बघायला लागला. दुशांका माझ्याकडे बघत होती, कित्येक दिवसांनी. आणि मला माझाच आवाज ऐकू आला. म्हणालो, एक माणूस आला होता. पांचेवो गावचा. नाव काही लक्षात नाही.
स्तेवा बरं म्हणाला. मागच्या अंगणात गेला, स्टुलावर चढला, दुसऱ्या नळीत बोटं घातली आणि ओढलं. लाल. पांढरी नक्षी.
पर्सिदाबाई किंचाळल्या, अगं बाई, माझा मोजा! त्याचा जोडीदार त्यांच्या खिशातच होता. म्हणाल्या, पांचेवोचा माणूस माझ्या दोरीपर्यंत आला कसा, जावईबापू?
लोक इतके हसले की गव्राला ठसका लागला. स्तेवा हसला नाही. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, मिलेंको, ही हवा आत घ्यायची नळी. हिच्यात कोंबलास म्हणून नुसता पेटला नाही. शेजारच्या धुराच्या नळीत कोंबला असतास आणि आतला आपोआप बंद करणारा कट-आउट चालला नसता, तर आज या घरात मेणबत्ती लावायला माणूस उरला नसता.
मला पर्सिदाबाई दिसल्या, दोन कोटांत, हातात मोजे. लाज वाटली, खरंच वाटली.
मग स्तेवाने सुटाचा कोट काढला, आत डोकं घातलं, उरलेले दोन स्क्रू मागितले आणि मोठ्याने म्हणाला, मिलेंको, बॅटरी धर.
धरली.
खटका, ठिणगी, ज्योत. पेटली, आणि पेटलेलीच राहिली. हळूहळू पाइप टिकटिकले. मग पाहुण्यांनी एकेक कोट काढायला सुरुवात केली. दुशांकाने सगळ्यात शेवटी काढला, मग माझाही काढून खुंटीला लावला. डोळ्यांत पाणी आलं ते मेणबत्तीच्या धुराने.
निघताना स्तेवा म्हणाला, सोमवारी सातला गॅरेजवर. हात अगदी स्थिर आहे हो तुझा.

सोमवार, सकाळी सहा
उठलो.
घर गरम. टेर्मो-मिलेंको बंद केलेली नाही. एका मोठ्या फर्मबरोबर सहकार्य करतोय, एवढंच. माझ्या अटी स्पष्ट आहेत: बॅटरी माझी स्वतःची असेल.
दारात पर्सिदाबाईंनी मोजे दिले, दोन्ही. म्हणाल्या, गॅरेजची फरशी गार असते, घाला. पायातच घाला.
बॅटरीत नवे सेल टाकलेत.