उरलेला उतार

तोरिनो,
२ सप्टेंबर १९९६

चि. नेवियो यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली दोन्ही चाकं पोचली. खोक्यात त्यांच्याभोवती तू वर्तमानपत्राची क्रीडापानं कोंबली होतीस. त्यामुळे चाकांच्या आधी मला गेल्या हंगामाचे निकाल कळले. खोकं असं भरण्याबद्दल माझं मत काय असेल ते तू जाणतोस, म्हणून लिहीत नाही.

मुद्द्यावर येते. हे पत्र तू फादर फेर्मोंना वाचून दाखवणार आहेस, तेव्हा त्यांच्यासाठी थोडं मागचंही लिहिते, कारण ते गावात नवे आहेत. माझा नवरा, म्हणजे तुझा थोरला भाऊ ओत्तोरिनो, शर्यतीच्या सरावात बोकेत्ता घाट उतरताना धुक्यात कठड्यापलीकडे गेला. सायकल मात्र रस्त्यावरच राहिली, जवळजवळ धडधाकट. त्याच संध्याकाळी तुम्ही संघातल्या पोरांनी ती चालवत गावात आणली, की त्याचा उरलेला उतार पुरा व्हावा. तेव्हापासून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घाटमाथ्यावरच्या चॅपेलातून ती काढायची आणि संघातल्या कुणीतरी खाली आणायची, हा गावाचा नेम झाला. मी नेमाच्या आड कधी आले नाही. पण त्या संघातला आता तू एकटा उरला आहेस, आणि म्हातारं अॅल्युमिनियम नेमधर्म जाणत नाही.

पुढच्या चाकाच्या रिमला स्पोकच्या भोकांपाशी चिरा पडल्या आहेत, लागोपाठच्या भोकांना. विद्यापीठातल्या माझ्या जुन्या प्रयोगशाळेत रंगद्रव लावून पाहिलं, तेव्हा चाकाच्या मधल्या हबवरही केसासारखी भेग उमटली. चिरांच्या कडा काळ्या आहेत, म्हणजे ब्रेकची धूळ त्यांत केव्हाचीच बसलेली. याचा अर्थ नीट समजून घे. गेल्या ऑक्टोबरात तू खाली आलास तेव्हा त्या होत्या. बँड वाजत होता, मी चौकात कारंज्यापाशी उभी होते आणि तुझ्या टोपीवरच्या चिखलावरून तुला टोचून बोलत होते. त्या वेळी तुझ्याखाली काय होतं, हे आज भिंगातून पाहिलं. आणि भिंग खाली ठेवून मला खिडकीशी जाऊन उभं राहावं लागलं.

तेव्हा चाकं नवीन. मिलानच्या कुणा संग्राहकाकडे त्याच काळातल्या, कधी न वापरलेल्या रिम आहेत म्हणून गाउदेन्सियो हुरळला आहे असं कळतं. सायकलदुरुस्तीत त्याचा हात चांगला आहे, पण त्याला कळव की त्या रिम विशीतल्या काटक्यांना एका हंगामापुरत्या बनवलेल्या होत्या, आणि तू विशीतला नाहीस की काटकी नाहीस. लाकडी रिमचं नाव काढू नये. लाकडावर माझा राग नाही, मी लिहिते ते टेबल लाकडीच आहे; पण टेबलावर बसून मी घाट उतरत नाही. छत्तीस स्पोकांची, पोकळ पेटीसारखा काटछेद असलेल्या रिमची चाकं हवीत. भोकांना दुहेरी कड्या, स्पोक टोकांना जाड नि मध्ये बारीक, स्पोक आवळायची निपल पितळी. टायर डिंकाने चिकटवायचे नकोत. लांब उतारावर ब्रेकने रिम तापते, डिंक मऊ होतो आणि टायर सरकतो. तारेच्या कडेचे साधे टायर बसव. न मोडणारं चाक जगात नसतं, नेवियो. जे मोडण्याआधी कुरकुर करतं, त्याला टिकाऊ म्हणतात.

तुझ्या ब्रुनाला आशीर्वाद. माझ्यावर लोभ ठेवतोसच. तो थोडा ऐकण्यातही दाखवावास.

तुझी वहिनी,
एर्सिलिया


प्रातोसेक्को,
१५ सप्टेंबर

ती. वहिनींस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र फादरना वाचून दाखवलं. टेबलाच्या वाक्याला ते हसले आणि मग हसल्याबद्दल खजील झाले. त्यांची अडचण अशी, की रिम गेल्या, हब गेले, तर त्या सायकलीत ओत्तोरिनोचं राहिलं काय. यावर बारमधल्या पत्तेवाल्यांनी त्यांना धारेवर धरलं, की फादर, घंटेचा दोर नवा बांधलात तेव्हा घंटा दुसरी झाली का. मोठा वाद झाला. शेवटी फादर म्हणाले, की सांगाडा त्याचा, खोगीर त्याचं, तेवढं पुरे. आणि डाव हरले ते वेगळंच.

गाउदेन्सियोने तुमच्या म्हणण्याबरहुकूम जोडी बांधली. मी बसवून गावाबाहेरच्या पुलापर्यंत नेली आणि परत केली. मागचं चाक गुणगुणत होतं. तो म्हणाला, की नवे स्पोक बसेपर्यंत बोलतातच. मी म्हटलं, मला गाणारं चाक नको. मग त्याने चाकाची आऊट पुन्हा काढली, स्पोक ताणले, तरी मला पुढचं चाक जड वाटलं. त्याने दुसऱ्या रिम मागवल्या, तर त्यांची चकाकी इतकी, की मृताच्या सायकलीला शोभेना. आता तो माझ्याशी बोलत नाही. दुकानासमोरून गेलो की हातातला पाना मोठ्याने आपटतो. ब्रुना म्हणते, की तुम्हाला चाक नको आहे, नवरी हवी आहे, म्हणूनच एवढे दोष काढता.

इकडे अळंबी यंदा उदंड. वाळवून थोडी पाठवतो. घाई कशाला करायची, वहिनी? चाकं मनासारखी जमली तर ठीक.

आपली माया आहे तशीच असू द्यावी, रागासकट.

आपला,
नेवियो


प्रातोसेक्को,
१६ सप्टेंबर

ती. एर्सिलियाताईंना,
नमस्कार.

मी कधी लिहीत नाही, तेव्हा अक्षर पाहून दचकू नका. सगळे जिवंत आहोत.

ताई, ह्यांच्या पत्रावर जाऊ नका. चाकात काही खोट नाही. गाउदेन्सियो माझ्यापाशी डोळ्यांत पाणी आणून बोलला, की वहिनी, याहून चांगलं मी जन्मात बांधलेलं नाही. गेल्या वर्षी तुम्ही निघून गेल्यावर काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. घरी आल्यावर ह्यांची बोटं ब्रेक धरल्यासारखी वळलेली राहिली, उघडेनात. चमचा धरवेना, म्हणून सूप मी भरवलं. त्याआधीच्या वर्षी उलट्या काढल्या. मला सांगितलं की वाइन आंबली होती. यंदा ऑगस्टपासूनच जेवण निम्म्यावर आलंय. मक्याची पोलेंता ताटात तशीच राहते, आणि हा माणूस पोलेंता टाकणारा नव्हे.

मी एकदा म्हटलं, की नका जाऊ. तर म्हणाले, की मी नाही गेलो तर तो तिथेच वळणावर उभा राहील.

तुमचा शब्द ते मोडत नाहीत. म्हणून हात जोडून विनवते: अशी चाकं निवडा, जी पोचणारच नाहीत. कारखाना बंद पडला, रेल्वेत हरवली, काहीही कळवा. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला खरं वाटेल असं सुचेल. एवढं माझ्यासाठी करा.

तुमची जाऊ,
ब्रुना


तोरिनो,
२३ सप्टेंबर

चि. ब्रुना हिस आशीर्वाद.

तुझं पत्र जाळलं, तेव्हा निर्धास्त अस. तू सांगितलेलं मी करणार नाही. हरवलेल्या चाकांनी फक्त एक ऑक्टोबर टळेल, आणि पुढच्या ऑगस्टात त्याच्या ताटातली पोलेंता पुन्हा तशीच राहील. शिवाय मला खोटं जमत नाही. लाजेने नव्हे, सवय नाही म्हणून. चाकं पोचतील. त्यांच्यासोबत त्याला एक पत्रही पोचेल. ते त्याने एकट्याने वाचू दे.

एर्सिलिया


तोरिनो,
२३ सप्टेंबर

चि. नेवियो यास,
अनेक आशीर्वाद.

गाउदेन्सियोकडून ती चाकं मी मागवून घेतली होती. आता परत पाठवते आहे, आणि या वेळी खोकं कसं भरतात हेही तुला पाहायला मिळेल. प्रत्येक स्पोकचा ताण मी स्वतः मोजला. रिमची चकाकी दगडाच्या भुकटीने घासून काढली. एका निवृत्त प्राध्यापिकेने स्वयंपाकघरात बसून हे करावं असं शेजारच्या वकीलबाईंना वाटत नाही, पण त्यांना पुष्कळ गोष्टी वाटत नाहीत. चाक गुणगुणत नाही. जडही नाही. मी चाळीस वर्षं माणसांना नापास केलं आहे, आणि ही जोडी मला नापास करता आलेली नाही.

तूही काढून पाहा दोष. सापडला तर कळव, मी चूक मान्य करीन. नाही सापडला, तर मात्र तुला दुसरं कारण शोधावं लागेल, नेवियो. आणि ते खरं असलं तरी मला चालेल.

यंदा मी येणार नाही. तब्येत उत्तम आहे. पण तिथे कारंज्यापाशी उभं राहून वरच्या वळणावरून येणाऱ्या फ्रीव्हीलच्या आवाजाची वाट पाहणं, तो येईपर्यंत बायकांशी हवापाण्याच्या गप्पा मारणं, हे आता माझ्याच्याने होत नाही. दर वर्षी मी तिथे हातमोजे घालून उभी असते. थंडीमुळे घालते असं सगळ्यांना वाटतं. हात कुणाला दिसू नयेत म्हणून घालते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, आणि तू मला त्यावरून चिडवणार नाहीस.

रविवारी जे करशील ते मला तूच लिही, दुसऱ्या कुणाकडून ऐकवू नकोस. लोभ आहेच, भिणाऱ्यांचा लोभ जरा घट्ट असतो, सांभाळून घे.

एर्सिलिया


प्रातोसेक्को,
७ ऑक्टोबर

ती. वहिनींस,
साष्टांग नमस्कार.

मी सुखरूप आहे. हे आधी लिहिलं, कारण तुम्ही उभ्यानेच पत्र फोडलं असेल. आता बसा.

काल हवा स्वच्छ होती. चॅपेलापाशी फादरनी तीर्थ शिंपडलं, ब्रेकवर जरा जास्तच. मी निघालो. मागून व्हॅनमध्ये ब्रुना, फादर, गाउदेन्सियो आणि बँडवाले. पहिली वळणं मी नुसता कान देऊन उतरलो, दोष शोधत. चाकं मुकी होती, वहिनी. तुमच्या हातचा स्पोक एक शब्द बोलला नाही. म्हणजे चाकांवर ढकलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जे थरथरत होतं ते मीच होतो.

मग ते वळण आलं. मी ब्रेक दाबले, सायकल शहाण्यासारखी थांबली, आणि मी उतरलो. व्हॅन थांबली. फादर धावत आले, चाक गेलं का विचारू लागले. मी म्हटलं, की चाक ठणठणीत आहे, फादर. मला भीती वाटते. नुसती आज नव्हे, दर वर्षी वाटते. एवढ्या लोकांत हे वाक्य माझ्या तोंडून निघालं. बँडवाला एर्मेते आपल्या ट्रॉम्बोनमध्ये पाहत राहिला. फादर म्हणाले, की मग सायकल व्हॅनमध्ये घालू या; पण मग उरलेला उतार तसाच राहतो, हे त्यांनाच बोलताना सुचलं नि ते थांबले. तेवढ्यात ब्रुना खाली उतरली आणि त्यांना म्हणाली, की उतार पुरा करायचा आहे ना, मग तो बसूनच पुरा होतो असं कुठल्या ग्रंथात दिलंय? पायांनी संपत नाही का रस्ता? गाउदेन्सियो म्हणाला, की संपतो, पण मग मी जीव तोडून बांधलेल्या चाकांची बैलगाडी होते. ब्रुनाने त्याच्याकडे असं पाहिलं, की पुढे मुकाट्याने सायकलीची दुसरी बाजू त्यानेच धरली.

तर आम्ही चालत उतरलो. बँडवाले कुरकुरत, फादर झगा सावरत. आजवर त्या वळणाखालचा रस्ता मी पाहिलाच नव्हता. नजर कायम पुढच्या खडीवर खिळलेली. कठड्याच्या दगडांत जांभळी सायक्लेमेनची फुलं आहेत. खाली कुणाच्यातरी मधमाश्यांच्या निळ्या पेट्या आहेत. एका जागी झाडी सरते आणि गावाची सगळी कौलं एकदम दिसतात, तुमचा चौकही. ओत्तोरिनोला ते दिसलं नसणार, धुकं होतं. मी त्याला सांगत सांगत आलो. लोकांना वाटलं प्रार्थना म्हणतोय.

चौकात मात्र हाहाकार उडाला होता. वेळ टळली, फ्रीव्हीलचा आवाज नाही, तेव्हा बायका रडायला लागल्या होत्या. कारंज्यापाशी तुमची जागा लोकांनी रिकामी ठेवली होती. मी सायकल तिथेच टेकवली. मग घरी जाऊन दोनदा पोलेंता वाढून घेतली.

गावात दोन तट पडलेत. काही म्हणतात हा नेम झाला नाही. तुम्ही काय म्हणाल त्याची धास्ती आहे. घाटाची होती तेवढी नाही, पण आहे.

माया असू द्यावी, ती कमी झाली असली तर कळवू नये.

आपला,
नेवियो


तोरिनो,
११ ऑक्टोबर

चि. नेवियो यास,
अनेक आशीर्वाद.

नेम झाला. जे नाही म्हणतात त्यांना माझ्या नावाने तसं सांग, आणि ऐकेनात तर त्यांची नावं मला पाठव. मी त्यांना एकेक पत्र लिहीन. माझी पत्रं लोकांना आवडत नाहीत, हे मी जाणते.

बाकी तुझ्या पत्राबद्दल मला लिहिता येत नाही. दोनदा सुरुवात केली आणि कागद फाडला.

त्या वळणापर्यंत मी कधी आले नाही. तो कुठे गेला ते मला चौकातून बोटाने दाखवलं होतं, आणि तेवढं मला पुरलं. सायकलीवर बसणं माझं काम नव्हतं, आणि मोटारीतून त्या जागेवरून भुर्रकन जाणं मला सहन झालं नसतं. पायी जाता येतं हे कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

पुढच्या ऑक्टोबरची वाट पाहण्याइतका माझा स्वतःवर भरवसा नाही, तेव्हा बर्फ पडण्याआधीच येते. बँड नको, फादर नकोत. ब्रुनाने आणि तू यावं, आणि सायकल आणावीस. तो गेला त्या कठड्याच्या बाजूने मी धरीन. खडी सुटी आहे की दाबलेली, आणि वळणाखाली उतार किती तीव्र आहे, ते अंदाजाने नव्हे, मोजून कळव. बूट त्याप्रमाणे घ्यायचे आहेत.

उत्तर परतटपाली.

तुझी वहिनी,
एर्सिलिया