पुढच्या चाकाचा चिमटा

ठाणे, टेंभी नाका
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८२०

ती. परशुरामदादांच्या सेवेशी,

धाकटी भावजय मंदाकिनी हिचा नमस्कार. सासूबाईंना आणि जाऊबाईंनाही सांगावा. येथे थंडी बरीच पडली आहे. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत ते कळवावे.

हे पत्र माझ्या अक्षरात पाहून आपल्याला राग येईल. थोरल्या दिरांना भावजयीने पत्र लिहायचे नसते, एवढे मला माहेरी शिकवले आहे. परंतु आपल्या बंधूंचा उजवा हात अजून गळ्यात बांधलेला आहे. एरवी त्यांनी सांगायचे आणि मी लिहायचे असे चालते. आज जे लिहिते आहे ते त्यांनी सांगितलेले नाही.

काल आपण तानाजीला बैलगाडी देऊन पाठवलेत आणि मोडकी बायसिकल कल्याणला धाडून द्या असा निरोप लिहून दिलात. मी बैलगाडी रिकामी परत पाठवली. तानाजीला बोल लावू नये. त्याने पुढचे चाक उचललेही होते. मी ओट्यावरून "ठेव ते खाली" म्हटले, तेव्हा त्याने ठेवले. त्याला जेवू घालून वाटेला लावले.

मोडलेले वाहन घरात ठेवणे अशुभ, असे आपण लिहिता. आम्ही ते मोडलेले ठेवणारच नाही. घरीच दुरुस्त करतो आहोत. इकडची रजा माघात संपते. मीठ खात्यातली नोकरी फिरतीची. कळव्यापासून कोलशेतपर्यंतच्या मिठागरांवर वेळेवर पोचायचे, ते पायी होत नाही. लिहायला हाताखाली कारकून मिळतो, पण फिरती न करणाऱ्या माणसाला साहेब कशाला ठेवतील? म्हणून ओसरीवर गोणपाट पसरले आहे. इकडून पाटावर बसून सांगायचे आणि मी करायचे.

मागचे चाक मी उघडले. त्याच्या मध्यभागी हरभऱ्यापेक्षा लहान लोखंडी गोळ्या असतात. त्या घासलेटात धुऊन, पुसून, चरबीत बसवून परत घातल्या. रबरी नळी घंगाळात बुडवली, जिथून बुडबुडे आले तिथे ठिगळ लावले. साखळीही धुतली. शेजारच्या रंगूबाई कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, "वहिनी, हे काय आरंभलंय? पुरुषमाणसं काय म्हणतील?" मी म्हटले, "पुरुषमाणूस पाटावर बसलंय, त्यालाच विचारा." हात काळे होतात, पण डाग चिंचेने निघतात. आपण काळजी करू नये.

"घाई कोणामुळे झाली ते सर्वांस ठाऊक आहे," हे आपल्या चिठ्ठीतले शेवटचे वाक्य. खंडेनवमीला ते सासूबाईंना भेटायला कल्याणला निघाले, तेव्हा दिवेलागणीच्या आत परत या असे मी म्हटले होते. सासूबाईंनी ते चार बायकांत सांगितले. मी घाई करायला लावली, म्हणून कळव्याच्या पुलाच्या उतारावर गाडी आवरली नाही, पुढचे चाक निखळले आणि हात मोडला, असे त्यांचे म्हणणे. यावर मी आजवर कोणाला उत्तर दिले नाही. आजही देत नाही. उत्तर असते तर दिले असते.

गाडी येथेच राहील.

मंदाकिनी


ठाणे
पौष वद्य द्वितीया

दादांस,

सगळे ठीक आहे. इकडच्या हाताच्या फळ्या सोडल्या. बोटांविषयी डॉक्टर काही बोलले, ते पुढे कधीतरी लिहीन.

आपला दुसरा निरोप पोचला. मोडकी परत द्या, बदल्यात नवीन आणून देतो. हे ऐकून इकडे फार आनंद झाला. "बघ, दादांचं मन किती मोठं आहे," असे मला सांगणे झाले. मी मान हलवली. परंतु माणूस अशुभ म्हणून जी वस्तू टाकून देतो, ती मिळवण्यासाठी नवीन देऊ करत नाही. म्हणून मी तिला जास्तच निरखून पाहू लागले.

पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा जो लोखंडी चिमटा असतो, तो वर एका नळीला जोडलेला असतो. तिथेच तो मोडला आहे. पडताना दगडावर आपटून मोडला, असे आपण सर्वांना सांगितलेत आणि आम्हीही तेच धरून चाललो होतो. परवा दुपारी इकडे डोळा लागला होता. नवा चिमटा मुंबईहून मागवायचा तर माप हवे, म्हणून मी मोडलेले तोंड घासलेटाने पुसले.

दादा, ते तोंड अर्धे पांढरे स्वच्छ आहे आणि अर्धे गंजलेले. एका दिवशी मोडलेले लोखंड अर्धेच कसे गंजेल? गंजलेल्या भागात काही तपकिरी भरलेले होते. नखाने खरवडून निखाऱ्यावर धरले, तर मऊ झाले आणि वास आला. लाख आहे ती. बाहेरून तेवढ्याच जागी काळा रंग दाट दिला आहे, बाकी सगळीकडे पातळ.

भेग जुनी आहे. कोणीतरी तीत लाख भरली आणि वरून रंग दिला.

मग मला जाऊबाईंची गोष्ट आठवली. पारनाक्यावर आपण बायसिकलवरून पडलात आणि वकील मंडळी हसली, म्हणून आपण तिच्यावर बसणे सोडलेत, हे त्यांनीच मला हसत हसत सांगितले होते. ते शिमग्यातले; भेग तेव्हाचीच असणार. पाडव्याला आपण तीच गाडी तुळशीपाशी उभी केलीत, हार घातलात आणि आल्यागेल्यांसमोर म्हणालात, "विश्राम, ही तुला. फिरतीवर पायपीट नको." मी वाकून आपल्या पाया पडले होते.

मी मुद्दाम शब्द मोजून लिहिते आहे. तिच्यावर माणूस बसणार, तो आपला भाऊ, हे आपल्याला ठाऊक होते. जे आपल्याला आपल्यासाठी धोक्याचे वाटले, ते आपण त्याला हार घालून दिलेत. तो पडल्यावर दोष कोणाच्या माथी मारायचा तेही आपण ठरवलेत. दसऱ्यापासून मी रोज दिवा लावताना स्वतःला विचारते आहे, लवकर या असे मी का म्हटले. जेवण समोर येते आणि जात नाही. हे मी कोणाला कळू दिलेले नाही, आणि आपल्याला सांगावे लागते आहे ते केवळ आपण काय केलेत हे आपल्याला समजावे म्हणून.

मोडके तुकडे मी तांदळाच्या कणगीत ठेवले आहेत. इकडे काही सांगितलेले नाही. वडिलांच्या मागे इकडून आपल्यालाच वडील मानलेले आहे. माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपल्या तोंडून ऐकणे बरे. आपण येथे यावे, सांगावे, आणि कल्याणला परत गेल्यावर सासूबाईंनाही सांगावे. पुढच्या आठवड्यात आला नाहीत, तर मी सांगेन.

मंदाकिनी


ठाणे
माघ शुद्ध दशमी

परशुरामदादा,

आपण आलात, चहा घेतलात आणि गेलात. त्यानंतर काय झाले ते आपल्याला कळायला हवे, म्हणून लिहिते.

आधी आपण बोललात ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे आपण ते बदलणार नाही. तुकडे मी आपल्या दोघा भावांच्या मध्ये पाटावर ठेवले. आपण त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाहीत. म्हणालात, "लोहाराची लबाडी दिसते. मी रंग द्यायला सांगितला होता. आत काय आहे ते मला काय ठाऊक?" आपल्या बंधूंनी मान खाली घातली आणि मला म्हणाले, "मंदे, चहा टाक." आपण त्यांच्या डोक्यावर हात ठेवलात. टांगा बोलावलात. सासूबाईंना काय सांगणार ते मी दारात विचारले, तेव्हा आपण म्हणालात, "म्हातारीला आता कशाला त्रास?" आणि टांग्यात बसलात.

मी आत आले. आपले बंधू तुकडे हातात घेऊन बसले होते. मी म्हटले, "लोहारावर विश्वास बसला?"

म्हणाले, "मला ठाऊक होतं."

"काय?"

"श्रावणात तेल देताना नखाला लाख लागली होती. दादांना विचारलं मी. ते म्हणाले, रंगाला चीर गेली आहे, उगाच बाऊ करू नकोस."

म्हणजे आपण आमच्या पाटावर बसून, त्यांच्या तोंडावर खोटे बोललात, आणि ते खोटे आहे हे त्यांना ठाऊक असताना त्यांनी मला आपल्यासाठी चहा टाकायला लावला.

मी विचारले, "मग तिच्यावर बसलात कशाला?"

"चार माणसांत हार घालून दिलेली वस्तू. परत कशी करायची? दादांना काय वाटलं असतं?"

"आणि सासूबाई मला बोलत होत्या, तेव्हा?"

त्यांनी तुकडे पाटावर ठेवले. मग म्हणाले, "वाटलं, तुला सोसवेल. दादांना सोसवलं नसतं."

मी उठले आणि मागच्या दारी जाऊन विहिरीपाशी बसले. आपला राग करायची मला सवय झाली होती, तो सोपा होता. हा नवा राग कुठे ठेवावा ते कळेना. ज्या माणसाला मी भरवत होते, न्हाऊ घालत होते, ज्याची गाडी माझ्या हातांनी जोडत होते, त्याने मला ओझे उचलणाऱ्या बैलासारखे गृहीत धरले होते.

त्यानंतर आमचे बोलणे बंद झाले. फक्त गाडीपुरते चालू होते. मुंबईहून नवा चिमटा आला. ते पाटावरून सांगत, मी करत असे. पाना इकडे फिरव, आता अर्धा वेढा मागे, फार आवळू नकोस, चाक मोकळे फिरले पाहिजे. मी चाक फिरवून दाखवत असे. याखेरीज घरात शब्द नव्हता. स्वयंपाक होत होता, पाने मांडली जात होती.

मग एका सकाळी रंगूबाई विस्तव मागायला आल्या. त्या ओट्यावर असतानाच हे बाहेर आले आणि उभ्याने म्हणाले, "रंगूबाई, मी पडलो तो हिच्या सांगण्याने घाई केली म्हणून नाही. गाडी मोडकीच होती. ते मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. तुम्ही हे विहिरीवर सांगितलंत तरी चालेल."

रंगूबाई विस्तव न घेताच गेल्या. त्यांनी विहिरीवर सांगितले, देवळातही सांगितले. संध्याकाळपर्यंत नाक्यावरच्या बायका माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागल्या. याने सगळे भरून निघाले असे नाही. परंतु त्या दिवशी मी त्यांच्या पानात वाढताना, "भात अजून घालू?" एवढे विचारले.

आता बोटांविषयी. मागच्या पत्रात मी टाळले. उजव्या हाताची बोटे पुन्हा मिटणार नाहीत. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते. लिहिल्याने ते खरे होईल असे वाटत होते, म्हणून लिहिले नाही. ते खरे आहेच.

डाव्या हाताने गाडी धरायला ते शिकले. पहिल्या दिवसांत तोल जाई, म्हणून मी मागून बैठक धरून मासुंदा तलावाच्या काठाने पळत असे. पदर खोचून, उघड्यावर, सगळ्या गावासमोर. लोकांनी पाहिले ते आपल्या कानांवर आले असेलच. आपण कळवण्याआधी मीच कळवते. परवापासून ते कामावर रुजू झाले आहेत. काल खारीगावच्या मिठागरावरून परतले, तेव्हा धोतराला चिखल होता आणि चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा होता. रोज सकाळी निघण्यापूर्वी मी चिमट्याचा सांधा बोटांनी चाचपून पाहते. मी हो म्हणेपर्यंत ते गाडीवर बसत नाहीत.

आज त्यांनी मला कागद घ्यायला सांगितला. म्हणाले, "दादांना लिही, माझ्या मनात काही नाही. शिमग्याला आम्ही येतो." मी दौत बंद केली. म्हटले, "हे माझ्या हातून लिहिले जाणार नाही." ते रागावले नाहीत. पाटी घेऊन बसले आहेत. डाव्या हाताने अक्षरे गिरवतात. अजून 'क' उलटा पडतो.

काही दिवसांत त्यांना लिहिता येईल. ते आपल्याला काय लिहितील ते मला ठाऊक आहे, आणि मी त्यांचा हात धरणार नाही. आपण त्यांचे भाऊ, क्षमा त्यांची. सासूबाईंना खरे काय ते आपण सांगेपर्यंत मी कल्याणच्या घराची पायरी चढणार नाही. शिमग्यालाही नाही, कार्याला नाही, कोणाच्या सुतकालाही नाही.

त्यांचे अक्षर वळेपर्यंत या घरातून आपल्याला जे येईल ते माझ्या अक्षरात येईल. त्यात नमस्कार शोधू नये.

मंदाकिनी विश्राम चौबळ